सततच्या दुखण्यात मुलांची मैत्री का सुटते आणि ती कशी धरून ठेवायची

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं डोकं, पोट, पाठ किंवा गुडघे चार-सहा महिने दुखत राहिले की घरचे तिला आधी गावातल्या डॉक्टरकडे नेतात, मग म्हापशातल्या नाहीतर फोंड्यातल्या एखाद्या तज्ज्ञाकडे, आणि तरीही उतार पडला नाही तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. सगळीकडे प्रश्न साधारण तेच. कुठे दुखतं, कधीपासून, झोप लागते का, जेवण जातं का, शाळा किती बुडाली. हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण "गेल्या महिन्याभरात तुला भेटायला कोण आलं?" हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं.

मला त्याच प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. शाळा बुडली की हजेरीपटावर दिसतं, वजन उतरलं की काट्यावर दिसतं. मैत्री सुटते तेव्हा कुठेच नोंद होत नाही. घरचे म्हणतात, आधी बरी होऊ दे, मग मैत्रिणी आहेतच. दुखण्याबद्दल आज जे ठाऊक आहे ते पाहिलं तर हा क्रमच उलटा आहे. मैत्री ही बरं झाल्यानंतरची गोष्ट समजून बाजूला ठेवली, तर बरं होणंही लांबत जातं.

आधी दुखण्याबद्दल थोडं

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला डॉक्टर दीर्घकालीन वेदना म्हणतात. हे म्हातारपणाचं लक्षण अशी आपली समजूत असते. पण जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तर साधारण दर पाच मुलांमागे एकाला असं काही ना काही दुखणं असतं. सगळ्यांचं रोजचं जगणं त्याने अडतं असं नाही. काहींचं मात्र पार अडतं. डोकेदुखी, पोटदुखी, पाठदुखी आणि सांधे-स्नायूंचं दुखणं हे नेहमीचे प्रकार. वयाबरोबर प्रमाण वाढतं, आणि मुलींमध्ये ते मुलग्यांपेक्षा जास्त दिसतं.

काही वेळा कारण सापडतं. सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा आणि सहा आठवड्यांहून जास्त टिकणारा सांधेदाह असतो, सिकलसेल असतो, मायग्रेन असतं, पाळीच्या दिवसांत असह्य करून सोडणारं एंडोमेट्रिओसिस असतं. पुष्कळदा मात्र कारण हाती लागत नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, आणि मूल तर रडतंय. मग कुणीतरी म्हणतं, "काही नाही, मनाचं आहे." त्या एका वाक्याने मूल आपल्या दुखण्यासकट एकटं पडतं.

नॉर्मल रिपोर्ट आणि खरं दुखणं एकत्र कसं असू शकतं? आपल्या अंगणातल्या कुत्र्याने एकदा साप पाहिला की पुढे कित्येक दिवस तो वाळलेलं पान हललं तरी भुंकतो. त्याचं भुंकणं खरं असतं, घरातल्यांची झोपही खरीच मोडते, साप मात्र केव्हाच निघून गेलेला असतो. मज्जासंस्थेचं असंच होतं. इजा किंवा आजारपण सरल्यावरही धोक्याची सूचना देणाऱ्या नसा, मज्जारज्जू आणि मेंदू जागेच राहतात, साध्या हालचालीवर, साध्या स्पर्शावरही ओरडतात. हे मुलाने मुद्दाम केलेलं नसतं, आणि ते त्याच्या हातातही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अशा दुखण्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली आहे. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्यासोबत काही टिपाही जोडल्या, त्यांतली एक अशी: माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. माझ्या मते ही टीप प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये लावायला हवी.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. सांधा सुजलेला असणं, सकाळी उठल्यावर बराच वेळ अंग आखडलेलं राहणं, ताप, वजन घटणं, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, हातापायातली ताकद कमी होणं, यांपैकी काही असेल तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टर गाठा.

या वयात मित्र म्हणजे काय असतात

आठवी-नववीपर्यंत मुलाचं जग घराभोवती फिरतं. त्यानंतर केंद्र हळूहळू सरकतं. काय घालावं, काय ऐकावं, कशावर हसावं, आपण कोण आहोत, हे सगळं मित्रांमध्ये राहून ठरायला लागतं. घराबाहेर स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा सराव इथेच होतो. भांडायचं कसं, मिटवायचं कसं, गुपित कसं सांभाळायचं, हे आईवडील शिकवू शकत नाहीत. दोन वर्षं हा सराव बुडला तर पुढे कॉलेजात आणि नोकरीत त्याची उणीव जाणवते.

आणि बाहेर टाकलं जाणं ही नुसती मनाला लागणारी गोष्ट आहे, असंही समजू नये. २००३ साली अमेरिकेत नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. मेंदूचा स्कॅन चालू असताना कॉलेजातल्या मुलांना पडद्यावर चेंडू टाकण्याचा साधा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळाने इतर दोन खेळाडू चेंडू आपापसांतच टाकू लागले, तिसऱ्याकडे टाकायचा थांबले. तेव्हा त्या तिसऱ्याच्या मेंदूतला जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही जोडलेला भाग होता. दोन्ही वेदना मेंदूत नेमक्या किती सारख्या, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. पण ज्या मुलाचं अंग आधीच दुखतंय त्याला वगळलं जाणं किती जड जात असेल, हे समजायला तो वाद मिटायची वाट पाहावी लागत नाही.

दुखणं मैत्रीत कुठे शिरतं

एक उदाहरण घेऊ. डिचोलीकडच्या एका हायर सेकंडरीत अकरावीला असलेली मुलगी. तिला मुग्धा म्हणू. ती कुणी एक खरी मुलगी नाही, पण तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. तिचे गुडघे आणि घोटे वर्षभर दुखतायत. ती फुगडीच्या गटात होती. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की सराव सुरू होतो. फुगडीत वाकावं लागतं, बसावं-उठावं लागतं, गिरक्या घ्याव्या लागतात. पहिल्या आठवड्यात ती दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. मैत्रिणीने विचारलं, "काय गो, उद्या येतेस ना?" मुग्धा म्हणाली, "बघते."

या "बघते"मध्ये सगळी अडचण आहे. सोमवारी तिला खरोखरच ठाऊक नसतं की गुरुवारी गुडघे कसे असतील. पण समोरच्या मुलीला गट बसवायचा असतो, जोड्या लावायच्या असतात. दोनदा "बघते" ऐकून घेतलं जातं. तिसऱ्यांदा विचारणंच बंद होतं, आणि तिच्या जागी दुसरी मुलगी येते. यात कुणीच दुष्ट नसतं. दुखण्यापेक्षाही त्या दुखण्याचा भरवसा नसणं मैत्रीला जास्त महागात पडतं. पाय मोडून प्लॅस्टर लागलं असतं तर सहा आठवडे सगळ्यांना हिशेब कळला असता. प्लॅस्टरवर सह्याही झाल्या असत्या.

त्यात दुखणं दिसत नाही. शनिवारी जत्रेत मुग्धा मैत्रिणींबरोबर हसत फिरताना सगळ्यांनी पाहिलेली असते, आणि सोमवारी ती वर्गात नसते. वर्गाच्या हिशेबात हे बसत नाही. "शनिवारी बरी होती, आज टेस्ट आहे म्हणून दुखतंय." प्रत्यक्षात सोमवारचं अंथरूण हा शनिवारच्या जत्रेचाच परिणाम असतो. चांगल्या दिवशी मूल राहिलेलं सगळं जगून घेतं आणि त्याची किंमत पुढचे तीन दिवस मोजतं.

बारीकसारीक गोष्टींची तर गणतीच नको. शाळेच्या बालरथ बसमध्ये मागच्या सीटवर धक्के बसतात म्हणून बाबा गाडीने सोडतात, आणि बसमधल्या गप्पा तिथेच संपतात. ट्यूशनहून परत येताना कदंबा बसच्या गर्दीत उभं राहवत नाही म्हणून ट्यूशन सुटते. पीटीच्या तासाला एकटं वर्गात बसावं लागतं. शिगम्याला रोमटामेळाच्या मिरवणुकीत नाचणारी मुलं दुपारपासून गायब असतात आणि घरी राहिलेल्या मुलाला ते सगळं फोनवर बघावं लागतं. शिवाय थकवा असतो, अर्धवट झोप असते, त्यातून येणारी चिडचिड असते. कंटाळलेल्या, चिडलेल्या माणसाशी गप्पा मारणं कुणालाही अवघड जातं, पंधरा वर्षांच्या मित्राला तर जास्तच.

मुलग्यांचं थोडं वेगळं असतं. त्यांच्या मैत्रीत बोलणं कमी आणि एकत्र काहीतरी करणं जास्त. संध्याकाळचा फुटबॉल, सायकली, चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला रानात जाणं. खेळ सुटला की त्या मैत्रीला दुसरा धागाच राहत नाही. आणि दुखतंय असं सांगणं त्यांना कमीपणाचं वाटतं, म्हणून ते "मूड नाही" म्हणतात. मित्र ते खरं मानतात.

मुलींच्या पाळीच्या दुखण्याबद्दल तर बोलायचीच सोय नसते. घरातल्या मोठ्या बायकाच सांगतात, "ते सगळ्यांनाच दुखतं, सोसायचं." दर महिन्याला दोन-तीन दिवस शाळा बुडत असेल, उलट्या होत असतील, नेहमीच्या गोळीने थांबत नसेल, तर ते सोसायचं दुखणं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं आहे. पण वर्गात कारण सांगता येत नाही म्हणून मुलगी दर महिन्याला नवा बहाणा शोधते. काही महिन्यांत मैत्रिणींना ती खोटं बोलतेय एवढंच कळतं. का बोलतेय ते कळत नाही.

दोन्हीकडून चुकीचं वाचन

कॅनडातल्या संशोधक पॉला फोर्जरॉन यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१० साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. दीर्घकाळ दुखणाऱ्या मुलांना मित्र कमी असतात, वर्गातली इतर मुलं त्यांना एकलकोंडं समजतात, आणि चिडवणं-त्रास देणं त्यांच्या वाट्याला जास्त येतं, असं त्यातून दिसलं. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक अभ्यास मांडला. दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या अशा दोन्ही मुलांपुढे मैत्रीतले छोटे छोटे प्रसंग ठेवले. ज्या प्रसंगांत मित्राने आधार दिला नाही असे प्रसंग दुखणाऱ्या मुलांना इतरांपेक्षा जास्त लागले.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून मुग्धाकडे परत जाऊ. परीक्षा संपली. चार मैत्रिणींनी मिरामारला समुद्रावर जायचं ठरवलं. मुग्धाला विचारावं का, यावर त्यांचं बोलणं झालं. एक म्हणाली, "तिला वाळूत चालवणार नाही. विचारलं तर तिला नाही म्हणावं लागेल, उगाच वाईट वाटेल." म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी फोटो आले. मुग्धाने ते पाहिले आणि तिने त्यातून वाचलं: मी आता यांना नको आहे. तिने फोटोंवर काही लिहिलं नाही. मैत्रिणींनी त्यातून वाचलं: हिला राग आला, हल्ली हिला कशाचाही राग येतो. पुढच्या वेळी विचारणं आणखी अवघड झालं.

एकीने दया दाखवली, दुसरीने तो नकार समजला, आणि तिच्या गप्प बसण्याला पहिलीने राग म्हटलं. कुणीच खोटं बोललं नाही, फक्त कुणीच बोललं नाही. यात मुग्धाची चूक काढणं सोपं आहे, पण तिने तसं का वाचलं तेही पाहायला हवं. सतत दुखणारं शरीर सतत सावध असतं. झोप अर्धी झालेली असते. याआधी कुणीतरी "नाटक करते" म्हटलेलं असतं आणि ते विसरलेलं नसतं. अशा मनाला रिकामी जागा दिसली की ते तिथे वाईटातलं वाईट भरतं.

बरीच मुलं मग दुखणं लपवायला शिकतात. मैत्रिणींसमोर हसायचं, घरी आल्यावर कोसळायचं. थोडा वेळ याने काम भागतं, कारण कुणी प्रश्न विचारत नाही. पण लपवलेल्या दुखण्याला कुणी मदत करू शकत नाही, आणि नाटक उभं ठेवायला इतकी शक्ती लागते की मैत्रीचा आनंदच उरत नाही. शिवाय ज्या दिवशी लपवणं जमत नाही त्या दिवशी ते सगळ्यांना अचानक वाटतं, आणि अचानक आलेल्या गोष्टीवर शंका घेतली जाते.

"आधी बरी हो" हा क्रम का चुकतो

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली १९ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा सूर असा की शरीर, मन आणि भोवतालची माणसं अशा तिन्ही बाजूंनी एकत्र काम करावं. व्यायाम आणि फिजिओथेरपी, मनाला आधार देणाऱ्या उपचारपद्धती, आणि गरज असेल तिथे औषधं. दुखणं शून्यावर आणणं एवढंच उद्दिष्ट न ठेवता मूल रोजच्या जगण्यात परत येणं हे मुख्य मानलं जातं. अशा उपचारांत नेहमी दिसणारी गोष्ट म्हणजे आधी मूल पुन्हा शाळेत जाऊ लागतं, चालू लागतं, मित्रांत मिसळू लागतं, आणि दुखण्याचा जोर त्यानंतर उतरतो. घरात पडून राहून दुखणं थांबायची वाट पाहिली की स्नायू ढिले पडतात, झोप बिघडते, लक्ष फिरून फिरून दुखण्यावरच जातं. मज्जासंस्था निवण्याऐवजी आणखी सावध होते.

म्हणून मैत्रीला मी उपचारातच धरते. मैत्रिणीबरोबरची अर्ध्या तासाची खरी गप्पा मेंदूला दुसरीकडे वळवते, हसवते, हलवते, आणि उद्या उठण्याचं कारण देते.

अर्थात एकदम सगळं सुरू करायचं नाही. चवथीच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत वाडाभर आरत्यांना फिरायचं आणि पुढचे चार दिवस पडून राहायचं, हे चक्र मोडायचं आहे. वेळ आधी ठरवायचा, आणि बरं वाटत असलं तरी तेवढाच पाळायचा. दोन घरच्या आरत्या, मग घरी. पुढच्या आठवड्यात थोडं जास्त. हे शिकायला मुलांना फिजिओथेरपिस्टची चांगली मदत होते. सर्वात अवघड असतं ते बऱ्या दिवशी थांबणं.

आणि सहभागी होण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त असतात, हे आपल्याकडच्या सणांइतकं छान कुठे दिसणार! जिला फुगडीत गिरक्या घेता येत नाहीत ती गाणं धरू शकते, आणि फुगडीला गाणारी तितकीच लागते. ज्याला रोमटामेळात नाचवत नाही तो घुमट हे वाद्य घेऊन बसू शकतो, शामेळ किंवा कासाळं वाजवू शकतो. नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टिंग करणारा, गॅदरिंगमध्ये संगीत सांभाळणारा, फुटबॉलच्या सामन्यात गुण लिहिणारा. अट एवढीच की ते काम खरं हवं. दयेने दिलेलं काम मुलाला लगेच ओळखू येतं.

कुणी काय करावं

मुलामुलींनो, आधी तुमच्याशी. सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. एक किंवा दोन माणसं निवडा, ज्यांनी याआधी तुमची एखादी गोष्ट पोटात ठेवली आहे. त्यांना आजाराचं नाव आणि तपशील सांगत बसू नका, काय होतं आणि काय हवं ते सांगा. "माझे गुडघे काही दिवस खूप दुखतात, काही दिवस कमी. आधी सांगता येत नाही. मी नाही म्हटलं तरी मला विचारत जा, मला विचारलेलं आवडतं." एवढं पुरे. "बघते"च्या जागी काहीतरी नक्की द्या: "नाचायला नाही येणार, पण पाचला येऊन अर्धा तास बसेन." अर्धा तास झाला की उठा. तुम्ही शब्द पाळता हे कळलं की लोक पुन्हा विचारतात. आणि मैत्रिणीच्या गोष्टीही ऐका, तिच्या मार्कांच्या, तिच्या भांडणाच्या. तुमच्या दुखण्यापुढे तिचं दुःख लहान असेल, तिच्यापुरतं ते लहान नसतं.

मित्रांनी एकच गोष्ट केली तरी खूप झालं: विचारणं थांबवू नका. नाही म्हणायचा हक्क तिला द्या, तिच्या वतीने तुम्ही नाही म्हणू नका. समुद्रावर जायचं असेल तर बाकावर बसता येईल अशी जागा निवडता येते. उपाय सुचवू नका. तिच्या मावशीने, आत्याने आणि शेजाऱ्यांनी ते सगळे सांगून झालेले आहेत. "आता कसं आहे?" हे एकदा विचारा, मग दुसरं काहीतरी बोला. तिला दिवसभरात तोच प्रश्न पाच जणांनी विचारलेला असतो.

आईबाबांसाठी हे जास्त कठीण आहे, कारण मुलाचं दुखणं बघणं हीच एक शिक्षा असते. तरीही अभ्यास सांगतात की आईवडील दर तासाला दुखण्याची चौकशी करतात, प्रत्येक कामातून सूट देतात, बाहेर जाऊ देत नाहीत, तेव्हा मुलाचं अडणं वाढलेलंच दिसतं. चौकशीची एक वेळ ठरवा, बाकी वेळ नेहमीसारखं वागा. मैत्रिणींना घरी येऊ द्या आणि त्या आल्या की खोलीतून बाहेर पडा. त्यांच्या आयांना फोन करून "जरा हिला सोबत घ्या गं" म्हणू नका. मुलीला ते कळतं आणि लाजिरवाणं होतं. सोडायला-आणायला गाडी काढावी लागली तर ती औषधाइतकीच जरुरीची समजा.

शाळेकडून फार मोठ्या गोष्टी लागत नाहीत. बाक जिन्याजवळचा, मध्येच उठून पाय मोकळे करण्याची मुभा, वरच्या मजल्यावरचा वर्ग शक्य तर खाली, पीटीच्या तासाला दुसरं काहीतरी काम आणि तेही कुणाच्या तरी सोबतीने. सवलत द्यायची ती गुपचूप द्या. भर वर्गात "हिला सूट आहे" म्हणून सांगितलं की पुढच्या मधल्या सुट्टीत चिडवणं सुरू. "नाटक करते" हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून निघालं की वर्गाला ते म्हणायचा परवानाच मिळतो.

परीक्षेच्या बाबतीत पालकांना थोडं माहीत असावं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकार मानतो. नुसतं 'दीर्घकालीन दुखणं' असं त्यात स्वतंत्र लिहिलेलं नाही, पण सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, हालचालींवर मर्यादा आणणारी अपंगत्वं आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार त्यात आहेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात निर्णय दिला की लेखनिकाची सोय ठरावीक टक्केवारीच्या अपंगत्वापुरतीच मर्यादित ठेवता येणार नाही. दहावी-बारावीला असाल तर गोवा शालान्त मंडळाकडे काय कागद लागतात ते शाळेमार्फत वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून काही होत नाही.

आपल्यासारखंच दुखणारं कुणी

वर्गातल्या मित्राने कितीही समजून घेतलं तरी एक गोष्ट त्याच्याकडून मिळत नाही: "मलाही तसंच होतं." टोरोंटोच्या सिककिड्स रुग्णालयात यासाठी एक कार्यक्रम तयार झाला. दीर्घकाळ दुखणं सोसून त्यासोबत जगायला शिकलेली, वयाने थोडी मोठी मुलं प्रशिक्षण घेऊन लहान मुलांशी व्हिडिओ कॉलवर काही आठवडे बोलतात. आपल्याकडे अशी व्यवस्था हाताशी नसली तरी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारता येतं की याच दुखण्याचं या वयाचं कुणी आहे का, आणि दोन्ही घरांची तयारी असेल तर ओळख करून देता येईल का. फोनवर भेटणाऱ्या अनोळखी गटांत मात्र जपून. काही गट धीर देतात. काहींत दिवसभर फक्त कुणाला किती दुखतंय एवढंच चालतं, आणि तिथून उठलेलं मूल आधीपेक्षा खचलेलं असतं. दोन आठवडे बघा. गटातून बाहेर आल्यावर काहीतरी करावंसं वाटतं की पांघरूण ओढावंसं वाटतं, त्यावरून ठरवा.

मुलाने मित्रांचं नाव काढणंच सोडलं, आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही, किंवा "माझ्याने काय फरक पडतो" अशी भाषा सुरू झाली, तर ते दुखण्याचंच म्हणून सोडून देऊ नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. पर्वरीची 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करते आणि किशोरवयीन मुलांबरोबर काम करण्याचा तिला मोठा अनुभव आहे. समुपदेशकाकडे नेताना मुलाला स्पष्ट सांगा की दुखणं खोटं वाटतं म्हणून नव्हे, ते खरं आणि जड आहे म्हणून नेतोय.

राहिला प्रश्न परत येण्याचा. सहा महिने, वर्षभर तुटलेलं मूल बरं वाटू लागल्यावर वर्गात शिरतं तेव्हा गट नव्याने बसलेले असतात, त्याला ठाऊक नसलेले विनोद चालू असतात. पूर्वीची जागा तशीच राखून ठेवलेली असेल अशी आशा घेऊन गेलं की पहिल्याच दिवशी मोडतं. म्हणून सुरुवात शाळेबाहेर करावी, एकाच मैत्रिणीपासून, शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर. तिला घरी बोलवावं, मधल्या काळात काय काय झालं ते तिच्याकडून ऐकून घ्यावं. आणि मनात अडकलेलं असेल तर तेही विचारून टाकावं: "मिरामारला मला का नाही विचारलंत गो?" उत्तर बहुतेक वेळा मनात धरलेल्या उत्तरापेक्षा साधं असतं. नसलं, तर निदान कुणावर वेळ घालवायचा नाही ते कळतं, आणि वर्गात आणखी पस्तीस जण असतात.